महापुराची मदत: हेक्टरचा दर, गुंठ्यांचे पीक

कोल्हापूर : राजारामपुरीच्या गल्ल्यांपर्यंत पंचगंगेचा महापूर पोहोचत नाही, पण गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव असलेली कुटुंबे येथे घरोघर आढळतात. त्यामुळे नदीने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, की येथेही पहिला प्रश्न पिकाचा आणि दुसरा सरकारी मदतीचा असतो.

ही मदत नुकसानभरपाई नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत तिला 'निविष्ठा अनुदान' म्हटले आहे. म्हणजे पुढील हंगामाचे बियाणे व खत यांसाठी दिलेला हातभार. बुडालेल्या पिकाची किंमत तिच्यात धरलेलीच नसते. पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झाल्यास ती मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक पंचनामा करतात. तहसीलदार व जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मागणी शासनाकडे जाते. अलीकडे यादीतील प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो आणि ई-केवायसीनंतर आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम जमा होते. सामाईक सातबारा असल्यास सहहिस्सेदारांची संमती लागते. शहरात राहणाऱ्या भावंडांच्या सह्यांसाठी धावपळ होते ती येथेच. वाट्याने जमीन कसणाऱ्याचे नाव मात्र उताऱ्यावर नसते. पीक त्याचे बुडते, पैसे मालकाच्या खात्यात येतात.

दराचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१५ च्या निकषांनुसार बागायतीसाठी हेक्टरी १३,५०० रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, अशी तरतूद होती. उसाचा हिशेब याच दराने होत असे. हेक्टरमध्ये आकडा भरघोस दिसतो. कोल्हापूरचा शेतकरी मात्र गुंठ्यांत बोलतो, आणि त्या दराने गुंठ्याला पडत जेमतेम १३५ रुपये. दहा गुंठ्यांच्या फडाचे १,३५० रुपये होत. किमान दोन हजार देण्याची तरतूद होती म्हणून ते दोन हजार होत, इतकेच. कमाल मर्यादा दोन हेक्टर की तीन, या वादाने अशा शेतकऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

प्रत्यक्षात प्रत्येक आपत्तीगणिक दर बदलले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ केले आणि कर्ज न घेतलेल्यांना नेहमीच्या तिप्पट मदत जाहीर केली. जुलै २०२१ च्या पुरानंतर बागायतीला हेक्टरी १५,००० रुपये ठरले. २०२२ च्या पावसाळ्यात दर २७,००० झाला व मर्यादा तीन हेक्टर. मे २०२५ मध्ये शासन पुन्हा १७,००० आणि दोन हेक्टरांवर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्यादा परत तीन हेक्टर करण्यात आली. बुडालेला ऊस सारखाच, पण कोणत्या वर्षी बुडाला यावर त्याचे मोल ठरते.

ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. शेंड्यात गाळाचे पाणी शिरले, की वाढ खुंटते आणि कांडे आतून कुजू लागते. पंचनामा पाणी ओसरताच झाला, तर वरून हिरवा दिसणारा फड नुकसानीत धरला जाईलच असे नाही. पीक विम्याचा आधारही नाही, कारण राज्यातील पीक विमा योजनेच्या खरीप पिकांत भात, सोयाबीन, भुईमूग आहेत, ऊस नाही. शिरोळसारख्या तालुक्यात, जेथे पाऊस कमी पण राधानगरी-गगनबावड्याकडचे पाणी येऊन थांबते, तेथे नदीकाठच्या शिवारात उसाखेरीज दुसरे पीक क्वचितच दिसते.