पंगतीतलं खवले मांजर

काँगोतल्या कसाई नदीजवळ राहणाऱ्या लेले लोकांत एक कडक नियम होता. झाडावरच्या खवले मांजराचं मांस खायचं ते मुलगा आणि मुलगी दोन्ही झालेल्या बापानेच. नुसतेच मुलगे असलेल्याला त्या पंगतीत पान नाही. समाजशास्त्राच्या वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मग मी आधी फळ्यावर तो प्राणी काढायचे.

आपल्या कोकणातलं खवले मांजर बिळात राहतं. हे त्याचं आफ्रिकी भावंड दोन-अडीच किलोचं, झाडांवर वावरणारं. खवल्यांना तीन-तीन टोकं. शेपटीच्या टोकाशी खालून उघडी कातडी, तिच्या पकडीवर ते फांदीला लटकतं. तोंडात एक दात नाही. रात्री निघायचं आणि लांब चिकट जिभेने मुंग्या, वाळवी टिपायची. वेताला बहुधा एकच पिल्लू, तेही आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून हिंडणारं. धोका दिसला की पळायचं नाही, अंगाची गुंडाळी करून पडून राहायचं.

लेले शिकाऱ्यांनी हे सगळं नेमकं टिपलं होतं. अंग माशाचं, चाल झाडावरची आणि पिल्लू माणसासारखं एकेकटं! सासूसमोर जावई मान खाली घालतो तसं हे लाजतं, असं ते म्हणत. असा प्राणी आपण होऊन माणसाकडे येतो, संतती आणि शिकारीतलं यश देतो, ही त्यांची श्रद्धा. म्हणून ते मांस मानाचं आणि ती पंगत त्याच्या पंथाची दीक्षा घेतलेल्या पुरुषांची. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1949-50 मध्ये आणि पुन्हा 1953 मध्ये तिथे राहून हे नोंदवलं. 1966 च्या ‘प्युरिटी अँड डेंजर’मुळे ते जगभर पोचलं. 1987 मध्ये त्या परत गेल्या, तेव्हा जुन्या पंथांना चेटूक ठरवणारी मोहीम लेल्यांमध्येच उभी राहिली होती.

पुढे मांस आणि खवल्यांच्या व्यापारापायी हा प्राणी इतका मारला गेला, की 2016 मध्ये जगातल्या आठही खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचं ठरलं. लेल्यांना ज्या दोन गोष्टींत देवत्व दिसलं, त्याच आता त्याच्या जिवावर उठल्या आहेत. न पळणारं जनावर कुणीही हाताने उचलून पोत्यात घालतो आणि एकेका पिल्लाने ती तूट भरून निघत नाही.