हुकुमानंतरची पोटगी : प्रस्तावना

पोटगीचा विषय निघाला की बोलणे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. कोणाला मिळते? आणि किती मिळते? हे पुस्तक तिसऱ्या प्रश्नाचे आहे. न्यायालयाने हुकूम दिला, रक्कम ठरली, नकलेवर शिक्का पडला आणि पैसे आलेच नाहीत, तर पुढे काय? कायद्याच्या वर्गात या प्रश्नाला जेमतेम एखादा तास मिळतो. कुटुंब न्यायालयाच्या आवारात मात्र तोच रोज कानावर पडतो. ‘वसुली लावली का’, ‘वॉरंट निघाले का’, ‘बेलिफ जाऊन आला का’. ज्यांना हे शब्द नवे आहेत, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. विद्यार्थी, नवे वकील, महिला संस्थांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आणि स्वतः पक्षकारही. हुकूम ज्याच्या विरुद्ध झाला आहे त्यानेही हे जरूर वाचावे. त्याचे बरेचसे नुकसान गैरसमजांतून होते.

सुरुवात थोडी जुनी आहे. आज आपण ज्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 म्हणतो, ते 1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 होते आणि त्याआधी, 1898 च्या संहितेत, कलम 488. मूळ कल्पना त्याहूनही मागे जाते; 1872 च्या संहितेतही ती होती. ती संहिता घडवणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या डोळ्यांपुढे पत्नीचा हक्क फारसा नव्हता. टाकलेली बायको आणि पोरे उपाशी राहून रस्त्यावर येऊ नयेत, भटकंती आणि तिच्यातून उपजणारे प्रश्न वाढू नयेत, ही त्यांची काळजी होती. नवराबायकोचे भांडण दंडाधिकाऱ्यासमोर का जाते, तिथे धर्म का विचारला जात नाही, चौकशी थोडक्यात का आटोपते, याची उत्तरे या जन्मकथेत आहेत. 1985 च्या शाहबानो निकालाने देशभर वादळ उठवले, तेही याच कलमावरून. या कलमाखाली महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा 1955 पासून होती. काही राज्यांनी ती आपापल्या दुरुस्तीने वाढवली, पण संसदेने ती पूर्ण काढली 2001 मध्ये. इतकी वर्षे ती कशी टिकली, याचे समाधानकारक उत्तर मला कुठेच सापडलेले नाही.

आता गाभ्याकडे. पोटगी थकली तर तुरुंग, हे सर्वांना ठाऊक असते. तुरुंग कशासाठी, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. कलमाची रचना नीट वाचली पाहिजे. पुरेशा कारणाशिवाय हुकूम मोडला, तर प्रत्येक वेळच्या कसुरीसाठी दंडाधिकारी आधी वसुलीचे वॉरंट काढू शकतो. ही वसुली दंडाच्या रकमेप्रमाणे होते, म्हणजे जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. वॉरंट बजावूनही रक्कम उरली, तरच कैदेचा प्रश्न येतो. कैद एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे भरेपर्यंत, जे आधी होईल तोवर. अर्ज येताच थेट अटक वॉरंट काढण्याची सवय काही ठिकाणी पडली आहे. कलमाच्या शब्दांत ती बसत नाही, असे माझे मत आहे. उच्च न्यायालयांनीही तिला वेळोवेळी हटकले आहे.

आणि तुरुंगातून बाहेर आल्यावर? ‘महिनाभर आत जाऊन येतो, विषय संपेल’ असे म्हणणारे नवरे प्रत्येक वकिलाला भेटलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालाने याला कायमचे उत्तर दिले, तो 1989 च्या निकालसंग्रहांत छापला आहे. त्याचे म्हणणे स्पष्ट आहे : कैद हे वसुलीचे साधन आहे, देणे फेडण्याची पद्धत नाही. तुरुंगात काढलेल्या दिवसांनी एक रुपयाही वजा होत नाही. आत गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा थकबाकी तेवढीच असते, उलट त्या महिन्याची नवी रक्कम वर चढलेली असते. हे एक वाक्य समजले की या क्षेत्राचा निम्मा नकाशा हाती येतो, म्हणून पहिले प्रकरण मी त्यालाच दिले आहे. बारा महिने थकले असतील तर एकाच अर्जावर बारा महिन्यांची कैद देता येते, की एकच महिना? 1999 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल एका महिन्याच्या बाजूने वाचला जातो, पण उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. दोन्ही बाजू मी सविस्तर मांडल्या आहेत आणि माझा कल लपवलेला नाही.

अर्जदाराने विसरू नये अशी एक गोष्ट इथेच सांगतो. वॉरंटचा हा मार्ग रक्कम देय झाल्यापासून एका वर्षातच उपलब्ध असतो. ‘देईल, देईल’ म्हणत दोन वर्षे वाट पाहिलेल्या बाईला जुनी रक्कम या वाटेने मिळत नाही. तिचा हक्क मात्र बुडत नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही मुदत वॉरंटच्या त्या खास मार्गाला आहे; देणे कायम राहते आणि ते दिवाणी मार्गाने वसूल करता येते.

तो दिवाणी मार्ग म्हणजे आपल्या न्यायालयांतली दरखास्त. तिला लोक कंटाळतात, कारण ती लांबते. पण नोकरदार माणसाविरुद्ध तिच्याइतके धारदार हत्यार नाही. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो, म्हणजे दोन तृतीयांश पगार जप्त होऊ शकतो. सावकारापेक्षा बायकोमुलांचा हात वर ठेवण्याचा निर्णय दिवाणी प्रक्रिया संहितेत इतक्या शांतपणे बसला आहे की त्याकडे लक्षच जात नाही. देणे 5,000 रुपयांहून अधिक असेल तर दिवाणी तुरुंगात तीन महिन्यांपर्यंत ठेवता येते, आणि तिथेही सुटकेने देणे फिटत नाही. याच संहितेनुसार पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली नवऱ्यालाही पोटगी मागता येते. ती बायकोकडे थकली तर अटकेचे हत्यार त्याच्या हाती नसते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 आणखी एक सोपी वाट देतो : दंडाधिकारी मालकालाच सांगू शकतो की पगारातली रक्कम परस्पर तिला द्या. पण त्याच कायद्यातील कलम 31 ची शिक्षा निव्वळ पोटगी थकवण्याला लागू होते का, यावर उच्च न्यायालयांत दोन मते आहेत.

देत नाही आणि देऊ शकत नाही, या दोन माणसांत फरक कसा करायचा, यावर या पुस्तकाची सर्वांत जास्त पाने खर्ची पडली आहेत. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांकडून मिळकत, देणी आणि मालमत्तेचे तपशीलवार प्रतिज्ञापत्र घेणे सक्तीचे केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले, आणि थकवणाऱ्याचा बचाव काढून टाकणे हा अगदी शेवटचा उपाय ठरवला. मुद्दाम, उद्दामपणे थकवणाऱ्यासाठीच. ज्याची नोकरी खरोखर गेली आहे, त्याने गप्प राहून चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली रक्कम बदलून मागण्याची सोय आहे. ती न वापरता पैसे बंद करणाऱ्याला ‘पुरेसे कारण’ सिद्ध करणे जड जाते, आणि ते योग्यच आहे.

वाचताना एक गोष्ट खटकेल. निकाल एरवी पक्षकारांच्या नावांनी ओळखले जातात. शाहबानो सोडल्यास मी ते टाळले आहे आणि निकाल साल वा गावाने ओळखले आहेत. कोणाच्या तरी मोडलेल्या संसाराचे नाव पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी घोकावे, हे मला कधीच पटले नाही. इतिहासानेच ज्यांना नाव देऊन टाकले, त्यांचा अपवाद केला.

शेवटची दोन प्रकरणे छोटी आहेत, कारण तिथला कायदाच अपुरा आहे. एक परदेशी गेलेल्या नवऱ्यांविषयी. पोटगी वसुलीसाठीच्या 2007 च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाविरुद्ध पुण्याचा हुकूम बजावायचा तर तिथल्या न्यायालयाचे दार वेगळे ठोठवावे लागते. दुसरे पगारच नसलेल्यांविषयी. ॲपवर गाडी चालवणारा, हंगामी ठेकेदारी करणारा, भावाच्या नावाने दुकान चालवणारा. जप्त करायला इथे मालकही नाही आणि पगारपत्रकही नाही. बँकखात्यांचे उतारे, मालाची बिले, गाडीच्या हप्त्यांच्या पावत्या यांतून मिळकत कशी उभी करायची, याची काही उदाहरणे मी दिली आहेत. ती पुरेशी नाहीत. ज्यांच्याकडे दरखास्तीच्या कामाची चांगली टिपणे असतील, त्यांनी ती या प्रकरणांत भर म्हणून अवश्य पाठवावीत.