हॉथॉर्न येथील मुलाखती : प्रश्नरचनेच्या इतिहासातील एक प्रकरण

मुलाखतीतील प्रश्न कसे असावेत याविषयीचे नियम प्रथम ग्रंथांत सिद्ध झाले व नंतर व्यवहारात उतरले, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यांपैकी एक महत्त्वाचा नियम कारखान्यात, आणि तोही ठरविलेले प्रश्न फसल्यामुळे, हाती लागला. शिकागोनजीकच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातील मुलाखतींचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

सप्टेंबर १९२८ मध्ये तपासणी विभागातील सुमारे १,६०० कामगारांपासून या उपक्रमास आरंभ झाला. पर्यवेक्षकांच्या शिक्षणासाठी सामग्री मिळविणे हा त्याचा मर्यादित हेतू होता. पर्यवेक्षण, कामाची परिस्थिती व प्रत्यक्ष काम या तीन विषयांसंबंधी कामगाराची आवडनिवड विचारली जाई. परंतु कामगार वारंवार अन्य विषयांकडे वळत. त्यांना पुनः मूळ प्रश्नाकडे आणले की उत्तरे त्रोटक होत. जे प्रश्नकर्त्यास महत्त्वाचे, तेच उत्तरदात्यासही महत्त्वाचे असणार, हे गृहीत प्रश्नांच्या मुळाशी होते. दोष तेथे होता.

म्हणून जुलै १९२९ मध्ये पद्धती बदलण्यात आली. विषयाची निवड कामगाराकडे गेली. मुलाखतकाराने लक्षपूर्वक ऐकावे, वाद घालू नये, उपदेश करू नये आणि बोलणाऱ्यास साहाय्य होईल तेवढेच विचारावे, असे ठरले. सुमारे अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. अडीच पृष्ठांची नोंद दहा पृष्ठांची झाली. १९३० पर्यंत २१ हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या.

रोथलिसबर्गर व डिक्सन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात एका कामगाराचे उदाहरण दिले आहे. कामाचे दर अपुरे असल्याची त्याची तक्रार होती. पुढे बोलण्यातून पत्नीचे आजारपण व वैद्याच्या देयकाची चिंता प्रकट झाली. थेट प्रश्नाने हे कळले नसते. मात्र येथेच या पद्धतीची मर्यादाही दिसते. तक्रारीमागील दुःख उमगले, म्हणून दर पुरेसे ठरत नाहीत. ऐकणारा मालकाचाच नोकर असता वेतनाचा प्रश्न भावनेचा प्रश्न होऊन बसण्याचा धोका असतो. मुलाखतीत कामगारास बोलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याकडेच राहिला.

मंदीच्या काळात हा उपक्रम थांबला. पुढे १९४६ मध्ये मर्टन व केंडॉल यांनी ‘केंद्रित मुलाखती’ची मांडणी करून मध्यम मार्ग दाखविला : उत्तरदात्याने अनुभवलेल्या प्रसंगाचे विश्लेषण संशोधकाने आधी करावे, आरंभी मोकळे प्रश्न विचारावेत आणि निश्चित प्रश्न मागाहून आणावेत. पूर्वतयारी व मोकळीक यांत विरोध नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

तात्पर्य, उत्तरदाता विषय सोडून बोलू लागला तर ते विषयांतर म्हणून टाकून देता येत नाही. प्रश्न कोठे चुकला याचा तो पहिला पुरावा होय; आणि प्रश्नावलीची खरी सुधारणा तेथूनच सुरू होते.