वल्हे नसलेला गडी

‘डॅनी बॉय’ ह्या गीताचा कर्ता फ्रेडरिक वेदर्ली वाङ्मयाच्या इतिहासात फार तर एका ओळीचा धनी आहे. नौकाशर्यतींच्या इतिहासात मात्र त्याची जागा निराळी, काहीशी हास्यास्पद आहे. १८६८ साली टेम्सवरील हेन्लीच्या शर्यतीत, सुरुवातीचा इशारा होताच, एकोणीस वर्षांच्या वेदर्लीने नौकेतून नदीत उडी घेतली. घेतली म्हणण्यापेक्षा, ती त्याला घ्यावी लागली.

वेदर्ली ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजच्या चौघांचा कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळणारा गडी होता. संघातील वुडगेट ह्या वल्हेकऱ्याचा हिशेब साधा होता: जो वल्हे मारीत नाही, त्याचे वजन इतरांनी का ओढावे? वेदर्ली पाण्यातील कमळवेलींत गुरफटून कसाबसा वाचला. हलकी झालेली नौका पहिली आली आणि लगेच बादही झाली. शर्यत गेली खरी. पण पुढच्याच वर्षी हेन्लीत कॉक्सविरहित चौकडीसाठी खास बक्षीस ठेवले गेले, आणि १८७३ पासून स्ट्यूअर्ड्‌स चषकाची शर्यतच कॉक्सवाचून होऊ लागली.

वुडगेटचा प्रश्न आम्हां अध्यापकांना थोडा झोंबतोच. दुसऱ्यांच्या वल्हवण्यावर बोलण्यात आमचीही हयात जाते.

वजनाचा हा हिशेब पुढे कोठवर गेला पाहा. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डच जोडीने आपला कॉक्स उतरवून एक हलकाफुलका मुलगा नौकेत बसवला आणि अंतिम शर्यत जिंकली. विजेत्यांसोबत त्याचे छायाचित्र आहे. नाव मात्र आजतागायत निर्विवादपणे ठरलेले नाही. आता आंतरराष्ट्रीय नियमानुसार कॉक्सचे वजन किमान ५५ किलो लागते. कमी पडल्यास तेवढा भार नौकेत ठेवतात.

आठ वल्ह्यांच्या नौकेतून मात्र कॉक्स गेला नाही, ह्याचे कारण नौकेच्या घडणीत आहे. साठ फुटांच्या आसपास लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद अशी ही नौका; तिचा तोल वल्ह्यांवरच असतो. एकाच्या मुठी वितभर खाली गेल्या, किंवा एकाचे पाते क्षणभर उशिरा पाण्यात शिरले, की नौका कलते. कललेल्या बाजूची वल्ही पाण्यात रुततात, दुसऱ्या बाजूची अधांतरी राहतात. वल्हेकरी पाठमोरे, त्यांना पुढचे दिसत नाही आणि कल जाणवला तरी दोष कोणाचा हे कळत नाही. समोर पाहणारा एकटा कॉक्स. ‘तोल सांभाळा’ असे ओरडणारा कॉक्स कच्चा. तो आठहीजणांना बिथरवतो. जाणता कॉक्स कारण हेरून एकालाच सांगतो: तीन नंबर, मुठी वर. सरावात तो चौघांना थांबवून, त्यांची पाती पाण्यावर आडवी टेकवून नौका स्थिर करवतो आणि उरलेल्या चौघांची लय तपासतो. सुकाणूलाही तो जपूनच हात लावतो. कारण सुकाणूचा प्रत्येक फटकारा वेग खातो आणि तोलही बिघडवतो.

१४ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनजवळच्या ग्रुनाऊ येथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आठजणांची अंतिम शर्यत होती. त्यांची पट्टी वाऱ्याला सर्वांत उघडी, सुरुवातीचा इशारा हुकलेला, आणि सर्वांना लय देणारा डॉन ह्यूम आजारी. कॉक्स बॉब मॉकने निम्म्याहून अधिक अंतर घाई होऊ दिली नाही. मग एकेक करून वल्ह्यांची गती चढवीत नेली. अखेरीस काठावरच्या जर्मन प्रेक्षकांच्या गजरात, तोंडाला बांधलेल्या कर्ण्यातूनही त्याचा आवाज पोहोचेना. तेव्हा सुकाणूच्या दोऱ्यांना असलेल्या लाकडी मुठी तो नौकेच्या अंगावर आपटू लागला. तो ठोका लाकडातून आठहीजणांच्या अंगात उतरला. इटलीची नौका ०.६ सेकंदाने मागे राहिली, जर्मनीची १ सेकंदाने.