पंतोजीच्या शाळेंतील वडील विद्यार्थी व शिकविण्याची उमेदवारी

देवणी हें गांव उदगीरच्या शेजारीं असून आज लातूर जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत व १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत मोडत होतें. पेशवाईच्या अखेरीनंतर मुंबई इलाख्यांतील गांवठी शाळांची कंपनी सरकारनें जशी चौकशी केली, तशी या मुलुखाची होणें शक्य नव्हतें. म्हणून या बाजूचा नवखा पंतोजी लहान मुलांचा घोळका कसा आवरी, आणि तें आवरणें त्यास कोण शिकवी, असें विचारणारास शेजारच्या पुराव्याकडे वळावें लागतें.

तुलनेस घेण्याजोगा पुरावा बल्लारीचा आहे. बल्लारी हा निजामाचाच प्रांत. १८०० च्या तहानें तो कंपनीकडे गेला. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनीं १८२२ सालीं शाळांची माहिती मागविली, तेव्हां बल्लारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्बेल यांनीं १७ ऑगस्ट १८२३ रोजीं उत्तर पाठविलें. त्यांत ५३३ शाळा व ६,६४१ विद्यार्थी नोंदलेले आहेत. कानडी शाळा २३५, तेलुगु २२६ आणि मराठी २३. हीं मन्रोच्या चौकशीचीं पत्रें धर्मपाल यांनीं १९८३ सालीं छापून उपलब्ध केलीं. बल्लारी म्हणजे देवणी नव्हे, हें उघड आहे. परंतु एकाच राज्यांत नांदलेल्या दोन प्रांतांच्या शाळा अगदीं भिन्न असाव्या असें मानण्यास कारण दिसत नाहीं.

कॅम्बेल यांचें वर्णन बारकाईनें वाचण्यासारखें आहे. मूल पांच वर्षांचें झालें म्हणजे गणेशपूजन करून तांदुळांत त्याच्या बोटानें अक्षर गिरवून घेत. सकाळीं जो मुलगा सर्वांआधीं शाळेंत येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचें नांव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे स्तुति नाहीं व निंदाहि नाहीं. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन, आणि पुढें येईल त्यास एकेक अधिक. उशीर करणाऱ्या मुलांचा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढें असतोच. त्यावर हा तोडगा कठोर खरा, पण त्यांत एक हिशेबीपणा आहे. आळशी मुलास मात्र फटके देत, दोन्ही हात बांधून आढ्याच्या कप्पीस टांगीत, किंवा एकसारख्या उठाबशा काढावयास लावीत. जुन्या शाळांचें कौतुक करणारे लेखक हा भाग बहुधा गाळतात.

आमच्या प्रश्नाचें उत्तर याच पत्रांत पुढें आहे. शाळेंत साधारणतः चार वर्ग असत. वरच्या वर्गांकडे पंतोजी स्वतः पाही. खालचे वर्ग अंशतः वडील विद्यार्थ्यांच्या हवालीं असत, आणि पंतोजीची नजर सर्व शाळेवर फिरत असे. पहिल्या वर्गांतील मुलें जमिनीवरील वाळूंत बोटानें अक्षरें काढीत. एका ओसरीवर चार प्रकारचीं मुलें आणि शिकविणारा एक, ही अडचण अशा रीतीनें भागविली जाई. शिकवितांना वडील मुलाचें स्वतःचेंहि ज्ञान पक्कें होतें, ही गोष्ट कॅम्बेल यांस विशेष भावली, व इंग्लंडनें या पद्धतीचें अनुकरण केलें तें योग्यच झालें, असा अभिप्राय त्यांनीं दिला.

हें अनुकरण म्हणजे डॉ. अँड्र्यू बेल यांची प्रसिद्ध ‘मद्रास पद्धति’. १७८९ पासून बेल मद्रासेजवळ एग्मोर येथें सैनिकांच्या मुलांचा आश्रम चालवीत होते. मलबारी शाळेंत मुलें वाळूंत लिहितांना त्यांनीं पाहिलीं. स्वतःचे मास्तर ती रीत उचलीनात, तेव्हां त्यांनीं जॉन फ्रिस्किन नांवाच्या सुमारें आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोंपविला. त्यांचें पुस्तक १७९७ सालीं लंडनांत निघालें. परंतु ही रीत त्याहूनहि पुष्कळ जुनी. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले यानें १६२३ च्या नोव्हेंबरांत इक्केरी येथें देवळाच्या ओसरीवर चार मुलें पाहिलीं. एकजण सुरावर अंक म्हणे व बारीक वाळूंत लिही. बाकीचे तसेंच म्हणत व लिहीत. गुरूवांचून चूक कोण सुधारतो असें विचारतां, सर्वजण एकाच जागीं चुकणें शक्य नाहीं, एक चुकल्यास दुसरा सुधारतो, असा आशय त्यांनीं सांगितला.

आम्ही युरोपला शिकविलें, या अभिमानापेक्षां येथें एक वेगळी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पंतोजीस स्वतंत्र शिक्षणशाळा नव्हती. वरच्या वर्गांत असतांना खालच्या मुलांना सांभाळणें हीच त्याची उमेदवारी. तिचा गुण तसा दोषहि होता. मुलें न समजतां जुन्या काव्यभाषेंतील पाठ घोकतात, असें कॅम्बेल यांनींच नोंदविलें आहे. जें स्वतःस उमगलें नाहीं तें वडील विद्यार्थी खालच्यास काय उलगडून सांगणार? तो ताल व शिस्त पुढें देई, अर्थ देऊं शकत नसे. मुंबईंत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं तयार झालेले २४ शिक्षक १८२६ सालीं जिल्ह्यांत पाठविले गेले, आणि १८४५ सालीं बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे शिक्षकांचा नॉर्मल वर्ग आला. त्यांतील नवेपणा हा कीं, शिकविण्याची कला शाळेबाहेर काढून वेगळी शिकविली जाऊं लागली.

धुळीवरील अक्षर उरत नाहीं. कित्त्याचा कागद उरूं शकतो. देवणी-उदगीरकडील देशपांडे-कुळकर्ण्यांचीं दप्तरें चाळतांना मुलांचे गिरविलेले मोडी कागद रद्दी म्हणून बाजूस टाकूं नयेत. एका कागदावर दोनच हात आहेत कीं तीन, हें प्रथम पाहावें: पंतोजीचें सराईत वळण, मुलाचें डळमळीत अक्षर, आणि मधें एखादें सुवाच्य पण अजून न मुरलेलें तिसरें वळण. तें तिसरें वळण आढळल्यास उमेदवार विद्यार्थ्याचा हात असण्याचा संभव धरावा. कागदाच्या पाठीवर जुना हिशेब असेल तर त्यांतील फसली सन टिपून घ्यावा व त्यांत ५९० मिळवून इसवी सन काढावा. हिशेब निरुपयोगी झाल्यावरच तो कागद मुलांच्या हातीं गेला असणार; तेव्हां गिरवणें त्या सालाच्या नंतरचें धरावें, आधींचें धरूं नये.