थेंब खाली, उगम वर

वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक वाढली की ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग लागते. रांग पुढे सरकली की मागे जमिनीवर तेलाचे काळे थेंब दिसतात. हे तेल आलं कुठून, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

हा मुलूख एकेकाळी हैदराबाद संस्थानात होता. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांवर तिथली सरकारी बससेवा सुरू केली. त्या काळच्या इंजिनांत तेल अडवायला चामडं, नमदा, दोर आणि बूच वापरत. उष्णतेने चामडं कडक होई, बूच आक्रसे. त्यामुळे थोडी गळती सगळे गृहीतच धरत. रोज तेल बघायचं, कमी झालं की भर घालायची. १९३० च्या दशकात जर्मनीत तेलात न फुगणारं नायट्राइल हे कृत्रिम रबर तयार झालं. पुढे त्यातूनच रबरी ऑइल सील सर्वत्र पोचले. गळती कमी झाली आणि मग जी उरली ती बिघाड ठरली. तिचा उगम शोधणं हे आता मिस्त्रीचं काम झालं.

हा शोध फसवा असतो. तेल खाली ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागेही सरकतं. चेंबरखाली टपकणारा थेंब टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेला असू शकतो. म्हणून जुनी रीत अशी: थंड इंजिन धुऊन कोरडं करायचं, संशयाच्या जागी खडूची भुकटी लावायची, थोडा वेळ इंजिन चालवायचं आणि बंद करून बघायचं. सर्वात वरचा, सर्वात पुढचा ओला डाग म्हणजे उगम. आज तेलात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली बघतात, पण नियम तोच.

कधी कधी सील निर्दोषच असतो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला ब्रीदर असतो. पूर्वी तो साधी नळी होती आणि वायू उघड्यावर सोडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्यामुळे मोटारींतला हा वायू पुन्हा इंजिनात वळवायला लावला. ब्रीदर कुठल्याही पद्धतीचा असो, धुळीने तो तुंबला की आत दाब वाढतो आणि तेल सर्वात कमकुवत सीलमधून बाहेर येतं. नवा सील घातला तरी काही दिवसांत तोही गळू लागतो.

ट्रॅक्टरचा मागचा क्रँक सील बदलायचा तर बहुतेक वेळा ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. ऐन हंगामात मजुरीही जाते आणि दिवसही. म्हणून त्याआधी दोन गोष्टी करा: ब्रीदर काढून साफ करा आणि इंजिन मंद चालू ठेवून तेल भरायचं झाकण जपून सैल करा. तरीही धूर जोराने बाहेर ढकलला जात असेल, तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत. मग नुसता सील बदलून गळती थांबणार नाही.