बिब्बा, गाजरगवत आणि कष्टकऱ्याची कातडी

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे लोहा हे पूर्वी कंधार तालुक्यात मोडणारे आणि आता स्वतःच तालुक्याचे ठाणे झालेले गाव. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेने या मुलखाचे नाव दूरवर गेले आहे. 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल होता, आणि त्या अमदानीत काय किंवा पुढे काय, जमिनीची प्रत, पीक आणि सारा यांची नोंद सरकारी दप्तरांत कसोशीने होत राहिली. परंतु त्याच जमिनीत राबणाऱ्या माणसाच्या हातांवर आणि मानेवर जे उठे, चरचरे आणि मुकाट्याने अंगावर काढले जाई, तो दप्तराचा विषय कधी झाला नाही. त्याचा इतिहास रानातच शोधावा लागतो, आणि त्याच्या आरंभी बिब्ब्याचे झाड उभे आहे.

किनवट-माहूरच्या रानांतला हा वृक्ष मराठवाड्याच्या घराघरांत शिरलेला होता. पायात काटा मोडला की तापवलेल्या बिब्ब्याचा चटका, दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीच्या जोडीला बिब्बा, बाळंतिणीच्या लाडवांत त्याची गोडंबी, आणि धुणे ओळखता यावे म्हणून परटाने कपड्यावर घातलेली त्याचीच काळी खूण. चरकसंहितेने भल्लातकाला अग्नीसारखे तीक्ष्ण म्हटले आणि यथाविधि योजल्यास ते अमृततुल्य ठरते असेही सांगितले. ही तीक्ष्णता लोकांना पुरती ठाऊक होती. फळाचे तेल जेथे लागले तेथे काळा डाग, एक-दोन दिवसांत भोवती पाणी धरलेले फोड आणि असह्य कंड, मग नकळत हात लागलेल्या पापण्यांवर नि गळ्यावर तीच सूज दिसली, की घरातली म्हातारी एका दृष्टिक्षेपात सांगे, ‘बिब्बा उतला.’ कारण आणि लक्षण यांचा संबंध जुळवणारे हे निदान कोणत्याही पदवीवाचून पिढ्यान्पिढ्या अचूक होत आले, आणि माझ्या मते आपल्या ग्रामीण वैद्यकज्ञानातील ते एक मोठे धन होय.

दुसऱ्या महायुद्धात हेच ज्ञान परक्या डॉक्टरांना नव्याने मिळवावे लागले. हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चट्टे उठू लागले. चट्ट्यांची जागा आणि कपड्यांवरील परटाच्या खुणांची जागा एकच असल्याचे ध्यानात आले, आणि 1943 साली लिव्हिंगुड, रॉजर्स व फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी ‘धोबी मार्क’ त्वचादाह अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. बिब्ब्यातील द्रव्य अमेरिकेतील पॉयझन आयव्हीच्या विषाचे सगोत्र असल्यामुळे एकाने बाधलेल्याला दुसऱ्याचीही बाधा होऊ शकते. सैनिकाच्या मानेवरील चट्ट्याला असे शास्त्रीय नाव मिळाले. मात्र हाताला राख फासून, दगडावर बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या वाशीम-बुलढाण्याकडील बायकांचे काळवंडलेले, सोललेले हात अशा कौतुकाला क्वचितच पात्र ठरले, याचे मला दुःख वाटते.

बिब्बा निदान ओळखीचा तरी होता. गाजरगवत आले ते कोणतीही पूर्वसूचना न देता. 1956 साली वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांनी पुण्यातील या अमेरिकी तणाची भारतातील नवी वनस्पती म्हणून नोंद केली. परदेशी धान्याबरोबर ते आले असे सामान्यतः मानले जाते. पुढे ते पडीक रानांत, बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेला इतके पसरले की लोह्याच्या शेतमजुराला खुरपणीतून ते चुकवता येईना. 1974 साली लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या त्वचारोग-नियतकालिकात या गवताच्या त्वचादाहाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे विष पार्थेनिन. ते वाऱ्याने उडणाऱ्या धुळीतूनही अंगावर बसते, म्हणून रोग पापण्या, मान आणि कोपराच्या व गुडघ्यामागच्या घड्यांत पहिल्यांदा प्रकटतो, दीर्घकाळ राहिल्यास कातडी जाड व काळपट होते, पुढे काहींना ऊनही सोसवत नाही. गाव सोडून काही काळ राहिल्यावर बरे वाटणे आणि शेतात परतताच पुन्हा उठणे, ही त्याची मोठी खूण. याची नायट्याशी गल्लत करू नये: नायट्याचे चट्टे बहुधा वर्तुळाकार, कडेला उठावदार असतात. परंतु गोंधळून दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम नायट्यावर चोळले, तर तो दबून अधिकच पसरतो.

गाजरगवताची आणि बिब्ब्याची बाधा टाळण्याचे उपाय साधे आहेत: गवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे, लांब बाह्यांचा सदरा घालावा, घरी येताच अंग साबणाने धुवावे, कामाचे कपडे निराळे ठेवून वेगळे धुवावेत, बिब्बा हाताळण्यापूर्वी हाताला तेल लावावे, आणि तरीही उठल्यास नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभाग गाठावा.

इटलीतील वैद्य रामाझिनी याने 1700 साली लिहिले की रुग्णाला त्याचा व्यवसाय काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टने कारखान्यातील ठरावीक व्यवसायजन्य रोग सरकारला कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले; पण शेतातली खुरपणी आणि अंगणातली गोडंबी-फोडणी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणून लोहा तालुक्यातील प्रत्येक दवाखान्याला माझी विनंती आहे की, केसपेपरावर रोग्याच्या वयाशेजारी त्याचे काम लिहावे, आणि नुसते ‘मजूर’ न लिहिता तो कोणते तण उपटतो, काय फोडतो, कशाची फवारणी करतो, हे विचारून लिहावे.